नाममुद्रा आणि नक्कल

'सुरतचे जमण आणि काशीचे मरण' ही म्हण ऐकत आपल्या समाजाच्या तीन-चार पिढ्या या तापीकाठच्या शहरात वाढल्या. कोणाचे पूर्वज गायकवाडी अमलात दक्षिण गुजरातेत आले, कोणी पुढे लूमच्या कामासाठी नंदुरबार, धुळे, जळगावकडून आले आणि उधना-लिंबायतच्या वस्तीत स्थिरावले. सुरतेच्या जेवणाचे कौतुक आपण सारेच अभिमानाने ऐकतो. पण खानदेशात लग्नकार्याला गेले की आणखी एक वाक्य कानी पडते. आहेराची साडी उलगडली जाते, एखादी आत्या किंवा मावशी जरीचा काठ दोन बोटांत धरून पाहते आणि हसत हसत विचारते, "खरी आहे, की सुरतेची?"

या प्रश्नात जेवढा विनोद आहे तेवढाच आरोपही आहे. 'सुरतेची' म्हणजे खोटी, असे समीकरण आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मनात बसले आहे आणि ते सर्वस्वी निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. ज्या शहराच्या अन्नावर आपण वाढलो त्या शहराच्या या लौकिकाचा विचार कधीतरी शांतपणे करायला हवा, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. तो प्रत्यक्षात करण्याची वेळ मात्र साडीमुळे आली नाही. ती आली मनगटी घड्याळामुळे.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे वडील एके दिवशी मला भेटायला कार्यालयात आले. लूमवर बारा तासांची पाळी करणारे, मितभाषी गृहस्थ. त्यांना माझ्याकडून एक अर्ज लिहून हवा होता. हकिगत अशी, की थोरल्या मुलीच्या लग्नात जावयाला घड्याळ द्यायचे म्हणून त्यांनी बाजारातील एका दुकानातून नामांकित परदेशी कंपनीचे नाव असलेले घड्याळ चार हजार रुपयांना घेतले. 'कंपनीचा जुना स्टॉक आहे, म्हणून स्वस्त पडतो,' असे दुकानदाराने त्यांना सांगितले होते. पहिल्याच पावसाळ्यात तबकडीच्या काचेखाली वाफ धरली. जावई ते घड्याळ त्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात घेऊन गेले. तेथील माणसाने मागचे झाकण उघडले, भिंगातून पाहिले आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत सांगितले, की हे आमचे घड्याळच नव्हे.

घरी आल्यावर जावई काही बोलले नाहीत. परंतु आठ दिवसांनी मुलीच्या सासूबाईंनी लग्नात मुलीच्या अंगावर घातलेली सोन्याची पोत सोनाराकडे नेऊन तपासून आणली.

"पोत खरी निघाली, गुरुजी," ते खाली मान घालून म्हणाले, "पण तपासली ना."

मी विचारले, "भाऊ, घड्याळाचे बिल आहे का?" त्यांनी खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर पेनाने फक्त चार हजारांचा आकडा लिहिलेला होता. दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, सही नाही. ग्राहक आयोगाकडे अर्ज करायचा तर त्याला जोडायचे काय, हा प्रश्न होता. मी त्यांना अर्ज लिहून दिला, पण त्याचा उपयोग किती होईल हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. चार हजारांची भरपाई कदाचित कोणी करून देईल. पण सोनाराच्या तराजूत पोतीबरोबर त्या माणसाची जी इभ्रत तोलली गेली, तिची भरपाई कोणत्या कायद्याने होणार?

त्यानंतर काही दिवसांनी गुरुपौर्णिमेला माझा एक माजी विद्यार्थी नेहमीप्रमाणे नमस्काराला आला. त्याचे बाजारात छोटे दुकान आहे. पट्टे, पाकिटे, गॉगल आणि घड्याळे तो विकतो. वर्गात हुशार होता, पण वडिलांच्या आजारपणामुळे बारावीनंतर शिक्षण सुटले. तो घड्याळे विकतो म्हणजे कोणती, हे मला माहीत होते. मी त्याला नाव-गाव न सांगता त्या पोतीची हकिगत सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, मी कोणाला असं फसवत नाही. गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, फर्स्ट कॉपी आहे का. त्याला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं. यात पाप कोणाचं?"

मग त्याने आणखी दोन मुद्दे मांडले. ज्या घड्याळाची मोठी कंपनी पाच-सात लाख रुपये घेते त्यात तेवढ्या किमतीचे असते तरी काय, हा एक. आणि दुकानावर त्याच्यासह तीन घरे चालतात, हा दुसरा. तीनही मुद्दे मला विचार करण्याजोगे वाटले. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उपदेशाने नव्हे, तर उत्तराने सामोरे जावे, असे मी मानतो. त्या उत्तराचा शोध म्हणजेच हा लेख.

भाषेचा विद्यार्थी या नात्याने मी प्रथम शब्दांकडे वळलो. 'नक्कल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. कचेरीत आपण दस्ताची 'नक्कल' मागतो तेव्हा त्यात फसवणुकीचा लवलेशही नसतो. उलट तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला जातो. 'बनावट' या शब्दाचा एक अर्थ नुसताच घडण असा आहे, आणि दुसरा अर्थ खोटे असा. बेगड म्हणजे चकचकीत वर्ख. तो मखराला लावला तर शोभा, पण माणसाच्या वागण्यात आला की ते वागणे 'बेगडी' ठरते. मुलामा देणे हीदेखील एक कला आहे. मुलाम्याखालचे पितळ उघडे पडणे ही मात्र नामुष्की आहे. म्हणजे आपल्या भाषेने नकलेला सरसकट दोषी ठरवलेले नाही. नक्कल आणि लबाडी यांच्यामध्ये कोठेतरी एक रेघ आहे हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

शिक्षकाला तर हे सांगावेच लागत नाही. आमचा सारा व्यवसायच नकलेवर उभा आहे. पहिलीतील मूल कित्ता गिरवते तेव्हा ते नक्कलच करत असते. दुसऱ्याच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवता फिरवता त्याचा हात वळतो आणि पुढे त्याचे स्वतःचे अक्षर तयार होते. तेच मूल परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर उतरवून त्यावर आपले नाव घालते, तेव्हा आम्ही त्याला उभे करतो. दोन्ही ठिकाणी हाताची क्रिया एकच आहे. फरक आहे तो नावाचा. कित्त्यात कोणी कोणाच्या नावाचा खोटा दावा करत नाही. परीक्षेतल्या नकलेत तो दावा असतो.

घड्याळांच्या इतिहासाकडे पाहिले तर हीच गोष्ट जागोजाग दिसते. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळजींची कीर्ती मोठी होती, तेव्हा युरोपातील इतर ठिकाणचे कारागीर आपल्या घड्याळांवर लंडनची नावे कोरून ती विकत. पॅरिसमधील ब्रेगे या थोर घड्याळजीला नकलांचा इतका उपद्रव झाला, की १७९५च्या सुमारास तो आपल्या तबकडीवर एक गुप्त सही कोरू लागला. ती सही प्रकाशात तिरपी धरल्याशिवाय दिसत नसे. आज ज्या स्वित्झर्लंडला आपण अस्सलपणाचे माहेरघर समजतो, तेथील काही कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकन घड्याळांच्याही नकला केल्या होत्या. आज त्याच देशाच्या घड्याळांच्या नकला चीनमधून जगभर जातात.

पण याच इतिहासात दुसऱ्या प्रकारचे अनुकरणही आहे. आपल्या देशात एच.एम.टी.ची घड्याळे १९६१ साली बंगळूर येथे तयार होऊ लागली, ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. म्हणजे येथेही दुसऱ्याचे पाहूनच शिकायचे होते. पण ते रीतसर करार करून शिकले गेले आणि घड्याळावर नाव आले ते आपले. माझ्या पिढीच्या वडीलमंडळींच्या मनगटांवर ते घड्याळ होते. रोज सकाळी ठरल्या वेळी त्याला चावी देणे हा घरातील एक नित्यनेमच असे. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अनेकांना घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ साली टायटनची स्थापना केली आणि १९८७ साली होसूर येथे उत्पादन सुरू केले. पुढे २००२ साली याच कंपनीने अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे घड्याळ बाजारात आणले. कित्ता गिरवणाऱ्याला स्वतःचे अक्षर कसे गवसते याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

घड्याळाचा आकार आणि घड्याळाचे नाव या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे. पाणबुड्यांसाठी केलेले रोलेक्स कंपनीचे 'सबमरीनर' हे घड्याळ १९५३ सालचे. त्याच वर्षी ब्लांपँ या कंपनीनेही पाणबुड्यांसाठी घड्याळ काढले. दोघांनाही तबकडीभोवती फिरणारे कडे होते, कारण पाण्याखाली गेल्यावर किती मिनिटे झाली हे चटकन कळणे ही पाणबुड्याच्या जिवाची गरज असते. गरजेतून आलेला आकार एकाच घराण्याच्या मालकीचा राहत नाही. याउलट जेराल्ड जेंटा या रेखाकाराने १९७२ साली 'रॉयल ओक' या घड्याळासाठी आठ स्क्रू उघडे दाखवणारी अष्टकोनी कड योजली, ती त्याच्या प्रतिभेची निर्मिती होती. अशा निर्मितीलाही कायदा कायमचे संरक्षण देत नाही. आपल्या देशात २०००च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदवलेल्या आकृतिबंधाला दहा वर्षे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते; त्यानंतर तो आकार साधारणपणे सर्वांचा होतो. परंतु व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेले नाव दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून पिढ्यान्‌पिढ्या राखता येते. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यात किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. कायदा रूपाच्या बाबतीत उदार आणि नावाच्या बाबतीत कठोर का, हे समजून घेतले तर माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

उरलेले निम्मे उत्तर आपल्या सुरतेच्याच गल्ल्यांत आहे. येथील जरीचा धंदा शतकानुशतकांचा. अस्सल जर करताना चांदीची तार केसाइतकी बारीक होईपर्यंत खेचतात, ती चपटी करतात, रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळतात आणि तिला सोन्याचा मुलामा देतात. बनारस आणि कांचीपुरमच्या मागांवर सुरतेची ही जर जाते. याच शहरात इमिटेशन जरही होते. तिच्यात चांदीच्या जागी तांब्याची तार असते आणि तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवलेला असतो. तिसरी जर प्लॅस्टिकच्या चकचकीत पापुद्र्याची. तिन्ही जरी या शहरात होतात, आणि जाणकार व्यापाऱ्यांच्या पेढीवर तिघींची नावे वेगळी, भाव वेगळे आणि गिऱ्हाईकही वेगळे. तांब्याच्या जरीला तो 'इमिटेशन' म्हणतो आणि तसे म्हणताना त्याला संकोच वाटत नाही. लग्नात एकदाच नेसायच्या शालूला चांदीची जर परवडत नसेल, तर तांब्याच्या जरीने त्या गरीब घरचा मांडव झळकतो. यात मला कोणतेही पाप दिसत नाही. उलट ही एक प्रकारची समाजसेवाच म्हणायला हवी. १९९९च्या कायद्याखाली 'सुरत जरी' या कारागिरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटायला हवा.

चौटा बाजारातील खोट्या दागिन्यांच्या दुकानांचेही तसेच आहे. पाटीवरच 'इमिटेशन ज्वेलरी' असे लिहिलेले असते. आपल्या बायाबापड्या ते दागिने घालतात आणि कोणी कौतुक केलेच तर 'अहो, खोटे आहेत' असे मोकळेपणाने सांगून टाकतात. अलीकडे वराछा आणि महिधरपुरा भागांत ज्या हिऱ्यांची चर्चा असते ते प्रयोगशाळेत तयार केलेले हिरेही याच रांगेतले. ते काचेचे नव्हेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने खाणीतल्या हिऱ्याप्रमाणेच शुद्ध कार्बनचे आहेत आणि यंत्राच्या साहाय्याशिवाय त्यांतील भेद कळत नाही. जून २०२३मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच एक हिरा भेट दिला, तो प्रयोगशाळेतील आहे हे जाहीरपणे सांगून. त्या सांगण्यामुळे भेटीचे मोल कमी झाले नाही. तोच हिरा खाणीतला म्हणून दिला असता तर ती भेट न राहता फसवणूक झाली असती.

मात्र सुरतेच्या पदरी दोषही आहे, आणि तो आपण झाकू नये. येवल्याचा विणकर हातमागावर पैठणीचा पदर विणतो तेव्हा मोरांच्या आणि वेलींच्या नक्षीतील एकेक रंगाचा धागा हाताने गुंतवतो. अशा साडीला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. तिच्या पदराची उलटी बाजू पाहावी. ती सुलट बाजूइतकीच नेटकी असते. यंत्रमागावरच्या नकलेत नक्षी पुढून तीच दिसते, पण मागे मोकळे किंवा कातरलेले धागे असतात. ही यंत्रमागाची साडी 'सेमी पैठणी' म्हणून हजार-दीड हजाराला विकली तर कोणाची तक्रार नाही. पण तीच 'येवल्याची हातमागाची' म्हणून विकली जाते, तेव्हा गिऱ्हाइकाबरोबर त्या विणकराच्याही ताटातले काढून घेतले जाते. पैठणीलाही भौगोलिक मानांकन आहे. परंतु मानांकन कागदावर असते आणि सौदा गल्ल्यावर होतो. आत्याबाईंच्या त्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. सुरतेची साडी स्वस्त म्हणून नव्हे, तर ती दुसऱ्या गावाचे नाव लावून गेली म्हणून आपल्याला तो प्रश्न ऐकावा लागतो.

नावाचा हा विचार आपल्या संतसाहित्यात फार जुना आहे. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते, त्याला आपण 'नाममुद्रा' म्हणतो. मुद्रा म्हणजे शिक्का. संत नामदेवांच्या गाथेत त्यांच्यानंतर होऊन गेलेल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या गेल्या, कारण दोघांची नाममुद्रा जवळजवळ एकच. कित्येक अज्ञात भक्तांनी तर आपली रचना जाणूनबुजून थोर संताच्या नावावर घातली. त्यांत त्यांना एका पैचाही लाभ नव्हता; स्वतःचे नाव पुसून टाकण्याची ती नम्रता होती. तरीसुद्धा अस्सल आणि प्रक्षिप्त वेगळे करण्यासाठी अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. ज्या पैठणच्या नावाने पैठणी ओळखली जाते त्याच पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठ निवडून काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः समर्थ कवी होते. पण ज्ञानेश्वरांच्या नावाखाली ज्ञानेश्वरांचेच शब्द राहिले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. निर्लोभ भक्ताने लावलेल्या परक्या नाममुद्रेचाही जर एवढा उपद्रव होतो, तर नफ्यासाठी लावलेल्या मुद्रेबद्दल काय बोलावे?

आता माझ्या विद्यार्थ्याच्या तीन प्रश्नांकडे येतो. मी त्याला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

गिऱ्हाइकाला ठाऊक असते, हा पहिला मुद्दा. मी त्याला विचारले, "तुझ्या दुकानात दोन घड्याळे आहेत. आतले मशीन एकच, काच एकच, पट्टा एकच. एकावर मोठे नाव आहे, दुसऱ्यावर नाही. दोघांची किंमत सारखी लावशील का?" तो हसून म्हणाला, "नाही सर, नावाचं तिप्पट मिळतं." ते वरचे पैसे गिऱ्हाईक कशासाठी देते? स्वतःला फसवण्यासाठी कोणी पैसे देत नाही. पाहणाऱ्याला ते खरे वाटावे, यासाठीच ते दिलेले असतात. म्हणजे गल्ल्याशी उभ्या असलेल्या दोघांना सत्य ठाऊक असले, तरी फसवला जाणारा तिसरा मनुष्य त्या सौद्यात गृहीत धरलेलाच असतो. तो फक्त तेथे हजर नसतो. शिवाय घड्याळ एका मनगटावर थोडेच राहते? ते विकले जाते, भेट दिले जाते, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते. पहिल्या हाती जे 'फर्स्ट कॉपी' असते ते तिसऱ्या हाती 'कंपनीचा जुना स्टॉक' होते, आणि चौथ्या हाती जावयाचा आहेर.

मोठ्या कंपन्या अवाच्या सवा किंमत घेतात, हा दुसरा मुद्दा. त्यात तथ्य आहे आणि मी ते त्याच्यापाशी मान्य केले. वेळ दाखवण्याच्या कामात हजार रुपयांचे सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ लाखो रुपयांच्या चावीच्या घड्याळापेक्षा अधिक नेमके असते, ही शास्त्रीय वस्तुस्थिती आहे. मग या युक्तिवादाचा सरळ निष्कर्ष काय निघतो? हजार रुपयांचे घड्याळ त्याच्या स्वतःच्या नावाने अभिमानाने घालावे, हा. ज्याला त्या बड्या नावाची किंमत अवास्तव वाटते, त्याने ते नाव मनगटावर मिरवावेच कशाला? खोटे घड्याळ घालणारा त्या कंपनीला धडा शिकवत नसतो. तो तिची फुकटात जाहिरात करत असतो.

तिसरा मुद्दा पोटाचा. येथे मात्र मी जपून बोललो. दर महिन्याला ठरल्या तारखेला सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने गल्ल्यावर बसलेल्या तरुणाला नीती शिकवणे सोपे असते, आणि सोपा उपदेश सहसा कोणाच्या उपयोगी पडत नाही. मी त्याला एवढेच दाखवून दिले, की या धंद्यात लाखोंचे घड्याळ विकणाऱ्या कंपनीचे नुकसान फारसे होत नाही, कारण तिचे गिऱ्हाईक त्याच्या दुकानाची पायरी चढतच नाही. नुकसान होते ते बारा तास लूमवर उभे राहणाऱ्या माणसाचे. त्याला भिंगातून मशीन पाहता येत नाही. छोट्या तबकड्या नुसत्या छापलेल्या आहेत की खरोखर चालतात, हे तो जाणत नाही. मुलामा उडून हाताला खाज सुटते तेव्हाच त्याला कळते. आपले पोट आपल्याच माणसाच्या अज्ञानावर भरायचे का, हा प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला. तो उत्तर न देता नमस्कार करून गेला.

पुढे महिन्याभराने बाजारात गेलो असता त्याच्या दुकानाकडे सहज नजर गेली. काचेच्या एका कपाटात साध्या, देशी नावांची घड्याळे मांडली होती. खाली किंमत आणि 'पक्के बिल मिळेल' अशी चिठ्ठी. दुसरे कपाट पूर्वीसारखेच होते. मला पाहून तो बाहेर आला आणि म्हणाला, "सर, एकदम नाही जमणार. पण हे पण खपतं, असं दिसतंय." मला त्याचे हे बोलणे प्रामाणिक वाटले. धंद्याची सवय एका पौर्णिमेत बदलत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी दिवाळीला जावयासाठी दुसरे घड्याळ घेतले. बाराशे रुपयांचे, देशी कंपनीचे, बिल आणि गॅरंटी कार्डासह. जावयांनी ते आनंदाने हातात घातले, असे मुलीने शाळेत सांगितले. बिल मात्र तिच्या बहिणीच्या सासूबाईंनी कपाटात जपून ठेवले आहे. विश्वास एकदा तपासणीला गेला की तो लवकर घरी परतत नाही, हेच त्यातून दिसते.

आपल्या समाजात आता लग्नसराईच्या याद्या होऊ लागतील. आहेराचे घड्याळ घेताना चार गोष्टी आपण सर्वांनीच पाळाव्यात असे मला सुचवावेसे वाटते. दुकानाचे नाव, तारीख आणि वस्तूचे वर्णन असलेले छापील बिल मागावे. कंपनीच्या नावाने घेत असाल तर त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. अर्ध्या किमतीत मिळणारे थोर नाव बहुधा थोर नसतेच. सोन्यावर शुद्धतेची खूण पाहूनच ते घ्यावे. १६ जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे, आणि त्यातील सहा अक्षरांच्या क्रमांकावरून दागिन्याची खातरजमा करता येते. आणि ऐपत नसेल तर साधी वस्तू तिच्या खऱ्या नावाने द्यावी. वरपक्षानेही तिची किंमत पाहू नये. देणाऱ्याने जे सांगितले तेच पेटीत निघाले, याला मोल द्यावे.

आपल्यातील कितीतरी मुले आज कापडाच्या, जरीच्या, हिऱ्यांच्या आणि किरकोळ वस्तूंच्या धंद्यात पडली आहेत. ती दुसऱ्याचे पाहून शिकतील, दुसऱ्यासारखे बनवतील, स्वस्तात विकतील. त्यात काही वावगे नाही. सुरत अशीच मोठी झाली आहे. त्यांनी फक्त माल तयार झाल्यावर त्यावर नाव घालताना हात क्षणभर थांबवावा आणि तेथे आपले स्वतःचे, आपल्या दुकानाचे, आपल्या गावाचे नाव लिहावे. प्रारंभी त्या नावाला तिप्पट भाव येणार नाही. पण ते नाव लिहिलेली वस्तू विकत घेणाऱ्या बापाला आपल्या लेकीच्या सासरी मान खाली घालावी लागणार नाही.